गूढ शब्दकोड्याची फोड: उत्तर कसं काढायचं आणि ते पटवून कसं द्यायचं

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तांबड्या रश्श्याचं वाटण परतत असतं आणि मी सोप्यात आठवड्याचं गूढ शब्दकोडं घेऊन बसलेला असतो. मटण शिजेपर्यंत निम्मी घरं भरतात, उरलेली दुपारी. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारायला निघायच्या आधी आमच्या दहा-बारा जणांच्या ग्रुपवर प्रत्येक शोधसूत्राची, म्हणजे उत्तराकडं नेणाऱ्या वाक्याची, फोड लिहून टाकायची, हे काम गेली काही वर्षं माझ्याकडं आहे. नुसती उत्तरं पुढच्या रविवारी छापून येतातच, त्यासाठी माझी कुणाला गरज नाही. लोकांना हवं असतं ते 'हेच उत्तर का?'

माझं म्हणणं एवढंच आहे: फोड लिहिता येत नसेल तर उत्तर आलं असं धरायचंच नाही. हे मला एका तव्यानं शिकवलं. सूत्र असं होतं:

तवा पालथा घालून समईत जळते (२)

शेवटच्या घरात उभ्या शब्दातून 'त' आलेला होता. दोन घरं, समईत जळणारी, शेवटी त. मी 'ज्योत' लिहिलं आणि पुढं गेलो. त्यानंतर पहिल्या घरातून खाली उतरणारा तीन घरांचा उभा शब्द तासभर सुटेना. सगळं कोडं त्या कोपऱ्यात अडून बसलं. तवा त्या वाक्यात कशाला आलाय, हे मी विचारलंच नव्हतं. 'त-वा' पालथा घातला की 'वा-त'. वात! अर्थ दोन्ही उत्तरांना लागू पडत होता, घरं तेवढीच, शेवटचं अक्षरही तेच. निवाडा केला तो पालथ्या तव्यानं. 'ज्यो' खोडून 'वा' लिहिला आणि अडलेला उभा शब्दही हाती आला. तो पुढं सांगतो.

दोन वाटा, एक उत्तर

साध्या शब्दकोड्यात सूत्र म्हणजे नुसता अर्थ. गूढ कोड्यात प्रत्येक सूत्रात एकाच उत्तराकडं जाणाऱ्या दोन वाटा असतात. एका बाजूला अर्थ, दुसऱ्या बाजूला अक्षरांचा खेळ. दोन्ही अशा बेमालूम जोडलेल्या असतात की वाचताना ते एक साधं बोलतं वाक्य वाटावं. ते वाक्य तुम्हाला भलतीकडं न्यायलाच रचलेलं असतं.

चौकटीतलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापलं. त्याला गूढ वळण मिळालं ते इंग्लंडमध्ये, १९२० च्या दशकात. पुढं 'झिमेनीस' या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली या रचनेचे नियम पुस्तकरूपात मांडले. त्या परंपरेचं सार असं की सूत्रात नेमका अर्थ हवा, सरळ खेळ हवा आणि त्यापलीकडं एकही शब्द नको. फोड लिहिणाऱ्याचा सगळा आधार या तिसऱ्या अटीवर आहे.

खेळ मात्र आपल्याला नवा नाही. कोल्हापूरपासून जवळच्या पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण पूर्ण टाळून एक अख्खं रामायण रचलं. श्लेष, कूट, उखाणे हे सगळं आपल्या भाषेत मुरलेलं आहे. म्हणून मराठी गूढ कोडं म्हणजे इंग्रजीची नक्कल असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

आधी घरं मोजा

कंसातला आकडा घरांचा असतो, वर्णांचा नव्हे. 'स्त्री' एका घरात बसते. 'अंबाबाई' चार घरं घेते, 'महालक्ष्मी'सुद्धा चारच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं अक्षराबरोबर एकाच घरात राहतं. त्यामुळं मराठी उत्तरं आखूड असतात आणि आडव्या-उभ्याच्या छेदातून मिळणारं एक अक्षर फार मोलाचं ठरतं. तीन घरांच्या शब्दात एक अक्षर मिळालं म्हणजे तिसरा हिस्सा मिळाला.

सगळी सूत्रं एकदा पेन्सिल न उचलता वाचून काढा. मग तीन आणि चार घरांच्या शब्दांपासून सुरुवात करा. दोन घरांचे शब्द सोपे दिसतात, पण तिथं चुकीचं उत्तरही सहज बसून जातं. माझी ज्योत अशीच बसली होती.

सूत्राला चीर द्या

अर्थ सूत्राच्या सुरुवातीला असतो किंवा शेवटी. मध्ये कधीच नसतो. म्हणजे प्रत्येक सूत्रात एक अशी जागा असते जिथं वाक्य चिरलं की एका बाजूला निव्वळ अर्थ राहतो आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ खेळ. ती जागा शोधणं हे अर्धं काम.

माझी भाची सुट्टीला आली होती तेव्हा तिला मी हे सूत्र घातलं:

आरतीत जळून जाणारा कशासाठी? पंचगंगा पात्राबाहेर! (३)

"मामा, पूर आलाय आणि तुम्ही आरती कसली करताय?" ती म्हणाली.

"अगं, वाक्य वाचू नकोस. एकेक शब्द वाच. चीर कुठं द्यायची?"

तिनं आधी प्रश्नचिन्हापाशी चिरलं. 'आरतीत जळून जाणारा कशासाठी' याला अर्थ म्हणून काही आकार येईना. विरामचिन्हांवर विसंबू नका, ती चकवायलाच ठेवलेली असतात. मग तिनं 'जाणारा'नंतर चिरलं. डावीकडं राहिलं 'आरतीत जळून जाणारा'. उजवीकडं 'कशासाठी' आणि 'पंचगंगा पात्राबाहेर'.

"कशासाठी म्हणजे का. पंचगंगा पात्राबाहेर म्हणजे पूर... का पूर. कापूर!" ती ओरडलीच. "अहो मामा, पूर आलाय असं मी आधीच म्हटलं होतं की!"

म्हटलं होतंच. पण तेव्हा तो शब्द वाक्याच्या अर्थात होता, आता तो उत्तराचा तुकडा झाला. २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं 'पंचगंगा पात्राबाहेर' म्हटल्यावर पाणीच उभं राहतं, आणि रचणाऱ्याला तेच हवं असतं.

प्रत्यय सोला

इंग्रजीतल्या पद्धती वाचून कोडी सोडवायला बसणारे इथं अडतात. तिकडं 'आत', 'शिवाय', 'सह' हे सांगणारे शब्द सुटे असतात. मराठीत ते प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय होऊन शब्दाला चिकटतात, आणि आपण ते इतक्या सवयीनं वाचतो की दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक शब्दाचं शेपूट सोलून बाजूला ठेवायची सवय लावा.

बारमध्ये जा, भाजी आणायचं ठिकाण (३)

'बारमध्ये' सोला: बार आणि मध्ये. आता सूत्र शब्दशः सूचना देतंय. 'बार'मध्ये 'जा' घाला. बा-जा-र. बाजार. सूत्रात एकही शब्द वाया नाही आणि वाचताना मात्र माणूस गोंधळून जातो की बारमध्ये भाजी कोण विकतंय. माझ्या आवडत्या सूत्रांपैकी हे एक.

त, मध्ये, आत, पोटी, गर्भी, वेढून, कवेत: यातलं काही दिसलं की एक शब्द दुसऱ्याच्या पोटात घालून बघा. विना, वाचून, शिवाय, सोडून दिसलं की काहीतरी वगळायचंय. सह, सकट, जोडून, पाठोपाठ म्हणजे जोडणी.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही, सोडवता सोडवता कळली. मराठीत प्रत्यय लागला की बहुतेक शब्दांचं रूप बदलतं. तवा, पण तव्यात. नवरा, पण नवऱ्याला. रचणाऱ्याला तवा या शब्दाचीच अक्षरं वापरायची असतील तर त्याला शब्द मूळ रूपात ठेवावा लागतो. म्हणून एखादा शब्द वाक्यात प्रत्ययाविना ताठ उभा दिसला तर तोच खेळाचा कच्चा माल असण्याची शक्यता मोठी. उलट शब्द सामान्यरूपात वाकलेला असेल तर बहुधा त्याचा समानार्थी शब्द हवा असतो. हा नियम पक्का नाही. 'भाकरी'सारखे शब्द प्रत्यय लागूनही बदलत नाहीत. पण अडलेल्या वेळी यानं मला अनेकदा वाट दाखवली आहे.

डाव ओळखा

खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला पैलवानाच्या पवित्र्यावरून पुढचा डाव कळतो. सूत्रातले इशारेही तसेच वाचावे लागतात.

उलटापालट सगळ्यात सोपी. ढवळणे, विस्कटणे, गोंधळ, मोडतोड, वाट्टेल तसे: असा शब्द आला की शेजारच्या शब्दाची अक्षरं पुन्हा मांडून बघा. 'गरम ढवळताच पाण्यात दबा धरून बसलेली (३)' म्हणजे मगर. 'वाट्टेल तसे बरसत, उन्हात जीव गार करणारे (४)' म्हणजे सरबत. दोन्हीकडं अक्षरं जशीच्या तशी आहेत, फक्त जागा बदलल्या.

काना-मात्रा हलवायच्या असतील तर ते सूत्रात सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. काही रचणारे ही मोकळीक न सांगता घेतात, आणि मग सोडवणाऱ्यावर अन्याय होतो. माझ्या 'ज्यो'खाली अडकलेलं उभं सूत्र मात्र प्रामाणिक होतं: 'नवरा पार विस्कटला, कानाही भलतीकडे; झाडावर राहतो (३)'. न-व-रा ची अक्षरं विस्कटली, 'रा'चा काना 'व'ला गेला, झाला वानर. काना हलला हे रचणाऱ्यानं उघड सांगितलं आहे. आता यात वाट काढायची जबाबदारी आपली.

उलटं वाचायच्या डावात पालथे, मागे फिरून, परतले, उलट असे इशारे येतात. उभ्या शब्दात 'वर चढला' किंवा 'खालून वर'सुद्धा चालतं, कारण तिथं अक्षरं खालीच उतरत असतात.

लपवाछपवीवर थोडं थांबतो. रंकाळ्याच्या काठावर भाजलेला मका खाताना मला एक सूत्र सुचलं आणि तिथूनच मी ग्रुपवर टाकलं: 'मका कसा खरपूस! आत गोड दाणे (३)'. 'कसा खरपूस'च्या आत सलग बघा, क-सा-ख-र-पू-स. मधली तीन अक्षरं साखर, अर्थ 'गोड दाणे'. मी खुशीत होतो. पाच मिनिटांत ग्रुपमधल्या एका निवृत्त बाईंचा प्रश्न आला, "सर, मक्याचं काम काय?" काहीच नव्हतं. मका फक्त वाक्य छान दिसावं म्हणून बसवला होता. सोडवणारा मात्र त्याचीही अक्षरं घेऊन झगडत बसणार. मी मका काढला. 'कसा खरपूस! आत गोड दाणे (३)'. सूत्र छोटं झालं आणि निर्दोष झालं. तेव्हापासून दुसऱ्यांची सूत्रं फोडतानाही मी तोच प्रश्न विचारतो: ह्या शब्दाचं काम काय?

जोडणीत तुकडे एकापाठोपाठ येतात. 'मिसळीवरची घेऊन सूर लाव. आमटीत शेंगा याच्याच (३)'. मिसळीवरची शेव, सूर लाव म्हणजे गा, मिळून शेवगा.

एका अक्षराचे शब्द वहीत लिहून ठेवा, जोडणी आणि पोटात घालायच्या डावात ते सारखे येतात. जा, ये, दे, घे, गा ह्या आज्ञा. ना आणि हो, म्हणजे नकार आणि होकार. ख म्हणजे आकाश, जसं खगात. भू, गो, श्री, मा. सु म्हणजे चांगलं, कु म्हणजे वाईट. आणि सा, रे, ग, म, प, ध, नी. 'सूर' किंवा 'स्वर' दिसला की सातही घालून बघायचे. 'सारात सूर मिसळला, नद्यांचे सासर (३)' मध्ये 'सार'च्या पोटात एकेक सूर घालत गेलात की तिसऱ्याच प्रयत्नात 'ग' लागतो आणि सागर दिसतो.

काही सूत्रांत इशाराच नसतो. तिथं दोन अर्थ शेजारी उभे केलेले असतात. 'गळ्यात पडला तो पराभव (२)' म्हणजे हार. याहून सुंदर म्हणजे 'थोडे म्हातारपण (२)'. हे वाचून आपण वयाशी निगडित शब्द शोधू लागतो: पांढरा केस, सुरकुती. पण चीर दोन शब्दांच्या मधोमध आहे. थोडे म्हणजे जरा. म्हातारपण म्हणजेही जरा. उच्चारात फरक आहे, पहिल्याचा ज 'जर'मधल्यासारखा, दुसऱ्याचा 'जन्म'मधल्यासारखा. कागदावर मात्र दोन्ही एकच. आपल्या लिपीनं केवढा मोठा खेळ फुकट दिलाय बघा. इशारा सापडत नाही आणि सूत्र दोन-तीन शब्दांचंच आहे, असं झालं की हा डाव आधी तपासा.

कानानं सोडवायची सूत्रं मराठीत कमी, कारण आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो. जी आहेत ती बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाची: दिन आणि दीन, सुत आणि सूत. आद्याक्षरांच्या आणि शेंडी छाटायच्या डावांची उदाहरणं खाली सरावात दिली आहेत.

भरण्याआधीची तपासणी

उत्तर सुचलं की लगेच पेनानं लिहू नका. सूत्रातला प्रत्येक शब्द पुन्हा वाचा आणि प्रत्येकाला नाव द्या: हा अर्थ, हा कच्चा माल, हा इशारा, हा अर्थ आणि खेळ यांना जोडणारा शब्द. एखादा शब्द बिननावाचा उरला तर दोनच शक्यता. एकतर रचणारा ढिला पडलाय, नाहीतर तुमचं उत्तर चुकलंय. आधी दुसरीच शक्यता धरा.

मग व्याकरण बघा. अर्थ स्त्रीलिंगी असेल तर उत्तरही स्त्रीलिंगी हवं, अनेकवचनी असेल तर अनेकवचनी. 'पाण्यात दबा धरून बसलेली' म्हटल्यावर ती मगरच, मासा नव्हे. छेदणाऱ्या घरात वेलांटी आणि उकार जुळतात का तेही पाहा. आडव्यात 'दि' आणि उभ्यात 'दी' असेल तर दोन्हींपैकी एक शब्द चूक आहे. शब्द ओळखीचा नसेल तर कोशात बघा. मी जुना मोल्सवर्थ उघडतो. अगदीच अडलं तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासून उभं. तिथं कोश चाळताना हवा तो शब्द मिळतोच आणि पुढच्या कोड्याला दोन-चार जास्तीचे मिळतात.

फोड लिहायची कशी

आधी सूत्र जसंच्या तसं उतरवा. त्यातला अर्थाचा भाग ठळक करा किंवा खाली रेघ ओढा. मग खेळ त्याच क्रमानं लिहा ज्या क्रमानं तो सूत्रात येतो, आणि शेवटी उत्तर. आधी उत्तर सांगून मागं येऊ नका. वाचणाऱ्याला दोन ओळींत स्वतःहून उत्तरापाशी पोचल्याचा आनंद मिळायला हवा. तुमच्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सगळं लिहायची गरज नाही. मात्र चुकीचं उत्तर बसू शकत असेल, तर ते का बाद झालं ते एका ओळीत जरूर सांगा. माझ्याकडं वातीच्या फोडीखाली 'ज्योत नव्हे, तवा शिल्लक राहतो' असं लिहिलेलं आहे.

सूत्र आवडलं तर तेही लिहा, ढिलं वाटलं तर कारणासह लिहा. आणि फोड लागलीच नाही तर उत्तरापुढं प्रश्नचिन्ह ठेवा. आमच्या ग्रुपवर त्या प्रश्नचिन्हांवरच सगळ्यात जास्त चर्चा होते. एकदा तर रात्री अकराला इचलकरंजीहून फोन आला, "लागली!" एवढंच बोलून पलीकडच्यानं फोड सांगायला सुरुवात केली. कुठलं सूत्र, हे विचारावं लागलं नाही.

सरावाला चार घ्या. खालच्या फोडी झाकून आधी स्वतः करा.

भाकरीचा पहिला घास जाताच हत्ती (२)
सुरुवातीला नवरी जराशी रडली: दृष्ट! (३)
मुलगा आला कानी, चरख्यावर कातलेले (२)
हातामागे शूर उभा, अंबाबाईची नगरी (४)

पहिलं: अर्थ 'हत्ती'. 'भाकरी'तलं पहिलं अक्षर गेलं. करी.

दुसरं: अर्थ 'दृष्ट'. 'सुरुवातीला' हा इशारा. नवरी, जराशी, रडली यांची पहिली अक्षरं. नजर.

तिसरं: अर्थ 'चरख्यावर कातलेले'. मुलगा म्हणजे सुत, 'कानी' म्हणजे ऐकायला तसंच. सूत. इशारा मुलग्याला चिकटलेला आहे, म्हणून घरात दीर्घ 'सू' भरायचा, ऱ्हस्व नव्हे.

चौथं: अर्थ 'अंबाबाईची नगरी'. हात म्हणजे कर, त्याच्या मागे शूर म्हणजे वीर. 'हात' सामान्यरूपात वाकलाय, तेव्हा समानार्थी शब्द हवा हे आधीच ओळखता येतं. करवीर. याच शब्दाचा कण्हेर असाही अर्थ आहे, तेव्हा पुढच्या वेळी कुणी शेवटी फूल ठेवलं तर दचकू नका.